उरलेली

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची अंगणवाडी. बाहेर मुसळधार पाऊस, आत १७ मुलं. ताई डफली वाजवायच्या, मुलं गोल गोल धावायची. डफली थांबली की ताई आकडा पुकारायच्या. “तीन!” म्हटलं की तिघातिघांनी हात धरून कोंडाळं करायचं. उरतील त्यांनी भिंतीपाशी बसायचं.

खेळ मोठा गुणाचा. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही तीन चिंचोके मागितले तर मूठभर उचलून देतं. इथे मात्र ‘तीन’ म्हणजे माझा हात, तुझा हात आणि तिचा हात. चौथा घुसला की पोरंच ओरडतात, “जास्त झाले!” बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पानं अशी भोवतालचीच साधनं वापरली. या खेळाला तर तेवढंही लागत नाही. मुलं असली की झालं.

पण मदतनीस मावशींची नात रोज भिंतीपाशी दिसायची. ती धावायची नाही. प्रत्येकाला बोट लावून मोजत राहायची, तोवर कोंडाळी भरून जायची.

एक दिवस खिचडीचं पातेलं उतरवता उतरवता मावशी म्हणाल्या, “ताई, जिला मोजायला वेळ लागतो, तिलाच आपण आधी बसवतो. मग ती मोजायची कधी?”

ताई त्या रात्री नीट झोपल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम बदलला. जो उरेल त्याने सगळ्यांना मोजायचं आणि पुढचा आकडाही त्यानेच पुकारायचा. डफली थांबली. “चार!” चार कोंडाळी झाली. उरली ती नातच.

ती उठली. एकेका डोक्यावर हात ठेवत चालली. कुणी घाई केली नाही. कुणी तिच्या आधी आकडा सांगितला नाही. ताईंनी तसं बजावलंच होतं.

“सोळा,” ती म्हणाली.

“अगं, एक राहिलं!” पोरं ओरडली. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा सोळाच. मग एक चिमुरडा कोंडाळं सोडून पुढे आला, त्याने तिचाच हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

“सतरा,” ती हळूच म्हणाली.

त्या दिवशी हजेरीपटावरही १७च मुलं होती.