गर्भस्थ देह आणि आकस्मिक आघात

जीव मातेच्या उदरी देह धारण करतो. त्या कोवळ्या देहाच्या घडणीत बाहेरील आकस्मिक भौतिक घटना पालट करू शकते काय, अशी शंका जिज्ञासू करतात. करू शकते म्हणावे, तर कर्मफळाच्या नियमास बाध येतो. नाही म्हणावे, तर प्रत्यक्षास बाध येतो.

प्रथम प्रत्यक्ष पाहावे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबाँब पडला. त्या वेळी गर्भात असलेल्या सुमारे १,६०० बालकांची पुढे पाहणी झाली. त्यांपैकी ३० जणांत तीव्र मतिमंदत्व आढळले. कित्येकांचे मस्तक लहान राहिले. सर्वाधिक हानी ८ ते १५ आठवड्यांच्या गर्भांची झाली. कारण याच काळात मेंदूच्या पेशी वेगाने निर्माण होऊन आपापल्या स्थानी जातात. ८ आठवड्यांहून लहान गर्भांत असे मतिमंदत्व वाढलेले दिसले नाही. स्फोटापासूनचे अंतर आणि गर्भाचे वय यांवर आयुष्य ठरले. यांतील एकही गोष्ट बालकाने वा मातेने निवडली नव्हती.

आता सिद्धान्त पाहावा. देह प्रपंचाचा, म्हणून प्रपंचातील आघात त्यास लागतो. जीव मात्र प्रपंचाहून भिन्न व अनादी आहे. त्यास किरण शिवत नाहीत. मती मंद झाली तरी त्याचे जीवपण उणे होत नाही.

मग हे त्या बालकाचे प्राक्तनच म्हणावे काय? कर्मफळाची व्यवस्था आहेच. परंतु कोणते दुःख कोणत्या कर्माचे, हे सर्वज्ञच जाणतात. अल्पज्ञाने दुसऱ्याच्या दुःखावरून त्याचे कर्म वाचणे म्हणजे सर्वज्ञत्वाचा आव आणणे होय. शिवाय तसे म्हटल्याने शस्त्र टाकणाऱ्याची हिंसा झाकली जाते.

हिरोशिमातील अशा मुलांच्या पालकांनी १९६५ साली ‘किनोको-काई’, म्हणजे अळंब्यांचे मंडळ, स्थापिले. पाचोळा सारून अळंबे वर येते, तशी आपली मुले वाढावीत, ही त्यांची इच्छा होती. त्यांनी दोष वाटला नाही, भार वाटून घेतला.

आपल्याकडे असे बालक जन्मले की मातेने ग्रहणात विळी हाती धरली होती काय, असे विचारले जाते. ग्रहण ही केवळ सावली. ती गर्भास व्यंग देत नाही. त्या प्रश्नाने मातेस मात्र जन्माचा घाव बसतो. अहिंसाधर्म पाळणाऱ्याने तो प्रश्न विचारू नये. बालकास जवळ घ्यावे.