नाती ओलीस ठेवणारे राज्य

बंदुकीच्या जोरावर सत्ता बळकावता येते. पण प्रत्येक घरासमोर शिपाई उभा करता येईल इतकी माणसे कोणत्याही देशापाशी नसतात. मग एन्वर होजाने अल्बेनिया १९४४ पासून १९८५ मध्ये मरेपर्यंत मुठीत ठेवला तो कशाच्या बळावर? मला वाटते, माणसाला स्वतःच्या जिवापेक्षा आपल्या माणसांची काळजी अधिक असते, हे त्याने फार लवकर ओळखले होते.

पाया घातला गेला तो नेहमीच्या क्रमाने. युद्धात जर्मन फौजा माघारी गेल्यावर होजाच्या कम्युनिस्ट पक्षाचे पार्टिझन सैन्य राजधानी तिरानात शिरले. १९४५ मध्ये जमीनदारांच्या जमिनी कुळांना आणि भूमिहीनांना वाटल्या गेल्या, आणि पुढे त्याच जमिनी सामुदायिक शेतीच्या नावाखाली काढून घेतल्या गेल्या. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मतदारासमोर एकाच आघाडीची यादी होती. मग पक्षातल्या सोबत्यांची पाळी आली. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाशी बिनसले आणि गृहमंत्री कोची झोझेला पुढच्याच वर्षी मृत्युदंड झाला. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी आणि १९७८ मध्ये चीनशीही संबंध तुटले. कालचा मित्रदेश आज शत्रू ठरला, की त्या देशाशी जवळीक असलेला प्रत्येक जण संशयित ठरे.

बाहेरची दारे अशी बंद होत असताना आतलीही बंद केली गेली. देश सोडून पळणे हा देशद्रोह होता. देशभर काँक्रीटचे सुमारे पावणेदोन लाख बंकर बांधले गेले. आक्रमण कधीच झाले नाही, पण शत्रू दाराशी आहे ही भावना मात्र चोवीस तास जागी राहिली. १९६७ मध्ये दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्च आणि मठ बंद झाले. श्त्येफेन कुर्ती या कॅथलिक धर्मगुरूने एका बाळाला गुपचूप बाप्तिस्मा दिला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. १९७५ मध्ये तर हुकूम निघाला की राजकीय किंवा वैचारिक दृष्ट्या अयोग्य नावे बदलून घ्यावीत. आईबापांनी ठेवलेल्या नावावरही सरकारचा हक्क आला.

या राज्याचा खरा कणा मात्र होती ती ‘बियोग्राफी’, म्हणजे प्रत्येक नागरिकाची कुंडली. आजोबा जमीनदार, काका परदेशी पळालेला, मामेभाऊ तुरुंगात. एवढ्यावर नातवाचा विद्यापीठातला प्रवेश, नोकरी, लग्न, सगळे ठरत असे. एकाने सीमा ओलांडली की घरचे सगळे दूरच्या खेड्यात स्थानबद्ध होत. सिगुरिमी या गुप्त पोलिसांचे खबरे होतेच. पण त्यांच्याहून मोठे काम घरातली माणसेच करत. बंड करू पाहणाऱ्या तरुणाला त्याची आईच हात जोडून थांबवी, कारण धाकट्या बहिणीचे काय होईल हे तिला ठाऊक असे.

या यंत्रणेची झळ कोलकात्यापर्यंत पोहोचली होती. मदर तेरेसांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या. कितीही विनवण्या केल्या तरी भेटीची परवानगी मिळाली नाही. १९७२ मध्ये आई गेली, १९७३ मध्ये बहीण. मदर तेरेसा तिरानात पोहोचल्या त्या १९८९ मध्ये, होजा गेल्यानंतर.

ज्यांनी हे जाळे विणले तेही त्यातून सुटले नाहीत. मेहमेत शेहू १९५४ पासून पंतप्रधान होता, होजाचा उजवा हात. १९८१ मध्ये त्याच्या मुलाचे लग्न ठरले ते ‘वाईट बियोग्राफी’च्या घरातल्या मुलीशी. सोयरीक मोडली, पण त्यावरून पक्षात शेहूवर झोड उठली. डिसेंबरमध्ये तो मृतावस्थेत सापडला. आत्महत्या असे जाहीर झाले, आणि मरणानंतर त्याला परकीय हेर ठरवले गेले. बायको आणि मुले तुरुंगात गेली. बायको कैदेतच वारली.

होजाच्या काळात निरक्षरता हटली, दलदली आटवून मलेरिया रोखला गेला, १९७० पर्यंत खेडोपाडी वीज पोहोचली, मुली शिकल्या. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ज्याला लिहायला शिकवले त्याने काय लिहावे हेही सरकारच ठरवणार असेल, तर ती साक्षरता फाइल भरण्यापुरतीच उरते. आणि सगळी माणसे वाकली असेही नाही. १९७३ च्या मे महिन्यात स्पाचच्या खाणीतल्या कैद्यांनी बंड करून कम्युनिस्ट तारा नसलेला राष्ट्रध्वज उभारला. बंड चिरडले गेले, चौघांना मृत्युदंड झाला. पण ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे फारसे काही उरले नव्हते तेच उठले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ज्याचा गुन्हा त्यालाच शिक्षा, हे कायद्याचे तत्त्व आपल्याला इतके साधे वाटते की त्याच्या राखणीचा विचारही आपण करत नाही. वास्तविक नागरिकाचे सगळे धैर्य त्यावर उभे असते. माझ्या बोलण्याची किंमत माझ्या मुलांना मोजावी लागणार नाही, एवढी खात्री असेल तरच सामान्य माणूस तोंड उघडतो. म्हणून सरकार कोणत्याही झेंड्याचे असो, ते आरोपीवरून त्याच्या घराकडे वळले, की घर आपल्या विरोधकाचे असले तरी त्याच क्षणी आवाज उठवला पाहिजे.