निष्काम कर्म आणि परीक्षा विभागाची खिडकी

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात निकालानंतरचे दिवस सर्वांत कठीण असतात. गुणपत्रिकेवर आईचे नाव चुकले आहे, हजर असूनही गैरहजर दाखवले आहे, पुनर्मूल्यांकन अडकले आहे आणि पुढच्या प्रवेशाची मुदत उद्या संपते आहे, अशा तक्रारी घेऊन विद्यार्थी खिडकीशी येतात. चूक बहुधा दुसऱ्याच टेबलावर झालेली असते. चढलेला आवाज मात्र खिडकीतल्या लिपिक बाईंना ऐकावा लागतो, तोही चेहरा शांत ठेवून. नोकरीचा भाग म्हणून भावना आवरण्याच्या या कष्टांना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात ‘भावनिक श्रम’ म्हटले. हे श्रम वेतनचिठ्ठीत दिसत नाहीत. बाया समजुतीने घेतात, हे गृहीत धरून ते त्यांच्याच गळ्यात पडतात.

यावर गीतेतल्या निष्काम कर्माचा, म्हणजे फळाची आशा न धरता काम करण्याचा, उपदेश हमखास केला जातो. त्यात तथ्य आहे. निकाल कधी लागणार, समोरचा कोणत्या शब्दांत बोलणार, हे लिपिकाच्या हाती नसते. त्याचा घोर सोडता आला तर रात्रीची झोप तरी शाबूत राहते. गुलामगिरीत वाढलेला ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसही आपल्या हातचे काय आणि हाताबाहेरचे काय, हे आधी ओळखायला सांगतो. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग मांडले: परिस्थिती बदलणे आणि मन सावरणे. बदलता येण्याजोग्या परिस्थितीत नुसते मन सावरत बसले, तर ताणाचे मूळ तसेच राहते.

उपदेशाची गफलत इथेच होते. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, अन्यायापुढे मान तुकवायला नव्हे. अर्जुनाला तर शस्त्र उचलायला सांगितले आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाचा अर्थ लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या हितासाठी, केलेले कर्म असाच लावला आहे. तिघींचे काम एकीवर टाकले जात असेल, तर त्याविरुद्ध कुलसचिवांकडे लेखी अर्ज देणे हेही कर्मच ठरते. शिवाय निष्कामता हे स्वतःहून घ्यायचे व्रत आहे. वरिष्ठाने ते हाताखालच्या बाईवर लादले, की ती निव्वळ पिळवणूक होते.

म्हणून कर्मचाऱ्यांसाठी ध्यानधारणेची कार्यशाळा जरूर घ्यावी. पण त्याच महिन्यात परीक्षा विभागातील रिक्त पदांची जाहिरातही काढावी आणि खिडकीवरची पाळी दर दोन तासांनी बदलावी.