पिल्लांना भरवावे काय?

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची अंडी कुंपणाआड राखण्याचे काम आरंभिले. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येतात आणि लगेच समुद्राकडे सोडली जातात. त्यांना एक घासही भरवीत नाहीत. समुद्रापासून शेकडो मैल दूर नागपुरात हे ऐकणाऱ्याच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे : एवढ्या इवल्या जिवांना उपाशीच सोडायचे? चार महिने सांभाळून, धष्टपुष्ट करून का सोडू नये?

ही शंका दयेतून उपजते, म्हणून ती हसण्यावारी नेता येत नाही. हजारांत एखादेच पिल्लू मोठे होते, असे जाणकार मानतात. अमेरिकेत गॅल्व्हेस्टन येथे १९७८ पासून केम्प्स रिडले जातीची पिल्ले वर्षभराच्या आसपास वाढवून सोडण्याचा प्रयोग झाला. पिल्ले एकमेकांना चावत, म्हणून प्रत्येकास वेगळी बादली, आणि खावयास तयार गोळ्या. त्यांतील दोन माद्या १९९६ मध्ये टेक्सासच्या पाद्रे बेटावर अंडी घालावयास आल्या. (बेटाचे हे नाव एका धर्मगुरूवरूनच पडले आहे.) तेव्हा भरवणे सर्वस्वी व्यर्थ, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु भरवणे म्हणजे केवळ पोट भरणे नव्हे. काटे काढलेले मऊ मासे प्रेमाने घालावे, तर चुना कमी पडून कवच व हाडे कमकुवत होतात. काही जातींचे गोठवलेले मासेच सतत दिले, तर 'ब' जीवनसत्त्वातील थायमिन नष्ट होऊन मज्जातंतू दुबळे होतात. ऊन न मिळाल्यास 'ड' जीवनसत्त्वाची वाण पडते. फार घातले, तर अंगावर चरबी चढते. मायेने दिलेला घासही असा बाधू शकतो.

शिवाय नवजात पिल्लू रिकाम्या पोटी निघतच नाही. अंड्यातील बलकाचा उरलेला अंश त्याच्या पोटात असतो. पहिले काही दिवस अन्नावाचून अखंड पोहत खोल पाण्यात पोहोचण्याची ती शिदोरी. टाकीत ठेवले तर पिल्लू भिंतींवर धडका देत तीच शिदोरी संपवते. म्हणजे 'उपाशी' ही आपली कल्पना; भूक पाहणाऱ्याच्या मनाची असते. वसतिगृहे चालविणाऱ्या आम्हां मंडळींना हा भेद विशेष बोचतो. आपल्या हातून खाणारे मूल डोळ्यांसमोर असावे, यात सुख कोणाचे, हे एकदा विचारावयास हवे.

जखमी कासवाची गोष्ट निराळी. डहाणूच्या उपचार केंद्रात जाळ्यात सापडून पंख तुटलेली कासवे येतात. त्यांना खाऊ घालणे हे कर्तव्यच, कारण त्यांची शिदोरी खरोखर संपलेली असते.

वेळासला पिल्ले थेट पाण्यात टाकीत नाहीत. काही पावले अलीकडे, ओल्या वाळूवर ठेवतात. पाहणारे दोरीमागे उभे असतात. एखादे पिल्लू लाटेने मागे फेकले जाते, तेव्हा लहान मुलांचे हात आपोआप पुढे होतात. तोवर ते पुन्हा पाण्याच्या दिशेने चालू लागलेले असते.