कमरेपर्यंतचा साहेब

१९०५ साली वाशीमचा जिल्हा गेला. इंग्रज सरकारने वऱ्हाडाची फेरमांडणी केली, त्यात वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळकडे गेला. जिल्हा परत मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं. जिल्ह्याची कचेरी उठली, पण कोट उठले नाहीत. वकील, मास्तर, कारकून, कापसाचे दलाल असा एक कोटवाला वर्ग तोवर गावात मुरला होता.

त्या काळात विलायतेत सुटाची मोठी उलथापालथ चालू होती. गुडघ्यापर्यंत येणारा फ्रॉक कोट मागे पडत होता आणि त्याच्या जागी आखूड, सुटसुटीत लाउंज सूट येत होता. पहिल्या महायुद्धानंतर खळ घातलेली ताठ कॉलर मऊ झाली, कापड हलकं झालं. १९२५च्या सुमारास ऑक्सफर्डची पोरं घोळदार पाटलोणी घालून हिंडू लागली. वऱ्हाडात यातलं बरंच काही पोचलं, पण कमरेच्या वरपर्यंतच. कमरेखाली धोतर ठाम होतं आणि डोक्यावर पगडी, फेटा किंवा काळी टोपी. त्या काळातला स्टुडिओत काढलेला कुठलाही फोटो पाहा: बंद गळ्याचा कोट, खिशातून लोंबणारी घड्याळाची साखळी, पायात पंपशू किंवा बूट, आणि मध्ये शुभ्र निऱ्या.

या अर्ध्या साहेबाला हसणं सोपं आहे. पण त्याची अडचण बैठकीची होती. इस्त्रीची पाटलोण खुर्चीवर शोभते. आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याच्या पेढीवर गादी होती, तक्क्या होता, मांडी घालून दिवसभर हिशेब करायचा होता. घरी पाटावर बसून जेवायचं होतं, त्याआधी कपडे उतरवायचे होते. कोट हे असं एकच परकं वस्त्र होतं, की जे दारातल्या खुंटीला टांगून माणूस दोन पावलांत पुन्हा घरचा होत असे. पाटलोणीला ही सोय नव्हती. खुर्ची कचेरीत आली खरी, पण ती घरात यायला आणखी एक पिढी लागली, आणि धोतर सुटायलाही साधारण तेवढाच वेळ लागला.

त्यामुळे इथे फॅशन बेतात फारशी दिसली नाही, कापडात दिसली. शिंपी तोच, बेत तोच; गिऱ्हाइकाची ऐपत ठरवायची ती ठाणावरून. मास्तराचा कोट ड्रिलचा नाहीतर जाड सुती ट्विलचा, शेटजींचा टसरचा, थंडीत सर्ज किंवा फ्लॅनेल. वकिलाचा मात्र अल्पाकाचा. विलायती लोकरी कापड वाराला सोळा-अठरा औंस भरायचं. वाशीमच्या मे महिन्यात ते अंगावर घालणं म्हणजे स्वतःला सजा सुनावणंच. अल्पाका पातळ, झुळझुळीत, धूळ न धरणारा.

असा एक कोट मी हाताळला आहे. काळा रंग खांद्यांवर हिरवट झालेला, बाह्यांच्या आत पट्ट्यापट्ट्यांचं सुती अस्तर, काखेत घामाने कापड कडक होऊन भेगाळलेलं. कोपरं इतकी चकाकत होती की आधी वाटलं तेल सांडलंय. टेबलावर कोपर टेकून टेकून आलेली ती चकाकी होती. शिवणीच्या आत मात्र कापड अजून नवंकोरं होतं. कोट विटला की तो उसवून कापड आतलं बाहेर करून पुन्हा शिवून घ्यायचे. या कोटाची ती वेळ आली नसावी, किंवा मालकाची आली असावी.

हे कापड यायचं कुठून? अल्पाका हा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला लोकरीचा प्राणी. यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डजवळ टायटस सॉल्ट या गिरणीमालकाने १८५३ साली सॉल्टेअरची गिरणी सुरू केली आणि या लोकरीवर अमाप पैसा कमावला. त्याच्या चमकदार कापडात ताणा सुताचा असे, बाणा अल्पाकाचा. म्हणजे वकीलसाहेबांच्या लोकरी कोटात सूत होतंच. आमचं मात्र नसावं. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा. अमरावतीवरून पडलेल्या ‘ऊमरा’ या नावाने तो बाजारात विकला जायचा आणि जाड सुतासाठीच घेतला जायचा. मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज झाल्यावर कारंज्याच्या गाठी रेल्वेने निघू लागल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या मोठ्या प्रमाणात जपानला जात होत्या. ज्या गावाने गाडीगाडीने कापूस पिकवला त्याच गावात प्रतिष्ठेचं कापड दक्षिण अमेरिकेतल्या जनावराचं, ही वसाहतीच्या व्यापाराची कमाल मला कुठल्याही आर्थिक कोष्टकापेक्षा त्या कोटात जास्त स्पष्ट दिसते.

ऑक्टोबर १९०५मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि प्रत्येक कोटवाल्यापुढे पेच उभा राहिला. सुती कापडाला नागपूरची एम्प्रेस मिल होती. टाटांनी ती १८७७ सालीच सुरू केली होती. लोकरीचं काय? कानपूरची लाल इमली होती, पंजाबात धारीवाल होती, पण त्यांचे मालक गोरे. ठाण्याची रेमंड यायला १९२५ उजाडलं. गांधीजींची खादी आली तेव्हा अनेकांनी बेत तोच ठेवून कोटच खादीचा शिवला. कोट सोडवेना, कारण कोटाशिवाय कोर्टात उभं राहता येत नव्हतं. १९२३ साली अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं. पुढच्या दशकात तिथून आणि नागपुरातून शिकून येणाऱ्या मुलांच्या अंगावर उघड्या गळ्याचा कोट, टाय आणि खाली पाटलोण दिसू लागली. वडील धोतरात, मुलगा पाटलोणीत, दोघांचा शिंपी एकच.

पण पूर्ण सूट निर्धाराने अंगावर घेतला तो बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१३ ते १९१६ ते कोलंबिया विद्यापीठात होते. पण सूट केवळ परदेशी शिक्षणाचा अवशेष म्हणून त्यांच्या अंगावर राहिला असं मला वाटत नाही. वरच्या जातींना कमरेखाली काहीतरी राखायचं होतं: सोवळं, बैठक, घराण्याची निरी. ज्याच्या पोशाखावर समाजाने जातच लिहून ठेवली, त्याला त्यातलं काय राखायचं? डिसेंबर १९२७मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितलं, की जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं आणि तसे जड दागिने घालणं सोडा. त्या सांगण्यामागचा आणि सुटामागचा विचार मला एकच वाटतो.

आज वाशीम जिल्ह्यातल्या गावोगावी पुतळ्यांच्या रूपाने उभा असलेला सूट बहुतेक बाबासाहेबांचाच आहे: निळा, टायसकट. गंमत अशी, की १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेताना त्यांच्या अंगावर पांढरं धोतर आणि पांढरा कोट होता, म्हणजे जुन्या वऱ्हाडी वकिलाचाच बेत. पुतळे उभारणाऱ्यांनी तो घेतला नाही. वर्गणी काढून त्यांनी सूटच घेतला, पाटलोणीसकट.