आमच्या घराण्याचं नाक

आमच्या आर्वीच्या घरात बैठकीच्या दारावर पणजोबा टांगलेले आहेत. म्हणजे त्यांचा फोटो. डोक्याला जरीचा फेटा, अंगात बंद गळ्याचा कोट, हातात चांदीची वाटावी अशा मुठीची काठी, मागे संगमरवरी जिना आणि एक कारंजं. एवढ्या वैभवातही उठून दिसतं ते नाक. ते सरळ निघतं, मध्येच काहीतरी विसरल्यासारखं थबकतं आणि मग एकदम खाली वळतं. आमच्याकडे मूल जन्मलं की बाया त्याचे हातपाय मोजायच्या आधी नाक बघतात. ''आलं बाई! फोटोतलं नाक आलं!'' असा निर्वाळा मिळाला की मगच पेढे वाटतात. माझं लग्न ठरत असताना मुलीकडच्या एका मावशीनं माझ्या नाकाबद्दल काही कुजबुज केली, तेव्हा वडिलांनी नुसतं बोट वर केलं आणि फोटो दाखवला. मावशी गप्प बसल्या. नाक वाईट असलं तरी ते घरंदाज होतं.

पणजोबा एका मालगुजाराचे दिवाण होते, असं घरात सांगत. कुठल्या गावचा मालगुजार, हे सांगणाऱ्यावर अवलंबून असे. मोठे काका एक गाव सांगत, धाकटे दुसरं, आणि वडील ''तिकडचा'' म्हणून हात करत. तो हात कधी नदीकडे जाई, कधी नागपूरकडे. 1951 साली मालगुजाऱ्याच गेल्या, त्यामुळे खातरजमा करायची कोणालाच सोय राहिली नाही. मला विचाराल तर त्या कायद्याचा आमच्या घराण्याइतका फायदा कुळांनाही झाला नसेल.

हे सगळं असंच सुखानं चाललं असतं. पण पुतण्याच्या मुलीला इंजिनिअरिंगला जायचं ठरलं, आणि त्यासाठी जातीची पडताळणी आली. आमच्यासारख्या कुणब्यांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. निवृत्त माणूस म्हणजे घरातला बिनपगारी कारकून, तेव्हा कामगिरी माझ्यावर. ''जितका जुना कागद तितका बरा'' असं कोणीतरी सांगितलं, आणि मी जरा जास्तच मागे गेलो. 2023 साली मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंद्यांची समिती बसली, तेव्हापासून महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या अंगात इतिहाससंशोधक शिरलाच आहे. माझ्याही शिरला.

सुरुवात घरच्या घरी केली. फोटोच्या पाठीवर नाव-साल असेल म्हणून चौकट उघडली. पाठीवर अमरावतीच्या स्टुडिओचा पुसट शिक्का तेवढा होता. पण चौकटीच्या पट्टीखाली दडलेला फोटोचा डावा काठ मोकळा झाला, आणि तो काठ कात्रीनं कापलेला निघाला. कापताना एक गोष्ट राहून गेली होती. पणजोबांच्या खुर्चीच्या हातावर चार बोटं होती, आणि मनगटावर बांगड्या.

त्याच आठवड्यात एका स्नेह्यांकडे चहाला गेलो. त्यांच्याही भिंतीवर त्यांचे पणजोबा होते. तोच जिना, तेच कारंजं, तीच काठी. कोटसुद्धा तोच, फक्त त्यांना जरा आखूड झालेला. ''दिवाण होते आमचे,'' ते म्हणाले. मी ''वा वा'' म्हणालो आणि चहात बिस्किट बुडवलं.

आमच्या वसईच्या एका मित्राचं यात फार सोपं. त्यांच्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन, तिन्ही चर्चच्या वहीत. 1563 साली ट्रेंटच्या धर्मसभेनं लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवायचा दंडक घातला, तेव्हापासून त्यांच्या पाद्र्यांना लिहिण्यावाचून गत्यंतरच नाही. आपल्याकडे देवळातला पुजारी नारळ मोजतो, माणसं मोजत नाही. आपली माणसं मोजली कोतवालानं. मध्य प्रांतात गावच्या कोतवालाकडे एक वही असे. गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं की त्यात नोंद व्हायची, आणि ठाण्यावर हजेरीला जाताना तो ती वही बरोबर न्यायचा. बहुतेक कोतवालांना लिहिता येत नसे. पटवारी, मुकादम, नाही तर शाळामास्तर, जो हाती लागेल त्याच्याकडून तो लिहून घ्यायचा. मुलाचं नाव नसायचंच. बारसं कुठं झालेलं असायचं? बापाचं नाव, जात, तारीख आणि ''मुलगा'' किंवा ''मुलगी''. वऱ्हाड-नागपुराकडच्या अर्ध्या लोकांचा इतिहास एवढाच आहे.

आजोबांचा शाळेतला दाखला मात्र चटकन सापडला. दाखल-खारीज रजिस्टर, साल 1921. नाव बरोबर, आडनाव बरोबर, जात कुणबी. पुतण्याच्या मुलीचं काम तिथंच झालं होतं. मी तिथूनच घरी यायला हवं होतं. पण माझी नजर ''वडिलांचे नाव'' या रकान्यावर गेली. तिथं एक नाव लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली, आणि वर दुसऱ्या शाईनं फोटोतल्या पणजोबांचं नाव. धंद्याच्या रकान्यात ''हमाली, रेल्वे''. म्हणजे 1917 साली सुरू झालेल्या आमच्या पुलगाव-आर्वी छोट्या गाडीवर ते कापसाच्या गाठी चढवत होते. आता ती गाडीही नाही. दिवाणगिरी तर तेव्हाही नव्हती.

हमालीचं मला काही वाटलं नाही. उलट कोटाचं कोडं सुटलं. पण रेघेखालचं नाव मला झोपू देईना. जन्मगाव दुसरंच होतं. त्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल मागितली, मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांना घेऊन बसलो, आणि दोन नोंदी सापडल्या. 1914 : मुलगा, बापाचं नाव ते रेघेखालचं. 1918, नोव्हेंबर : मयत, नाव तेच. कारण : ताप.

ते पान मी फार वेळ बघत होतो. वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. त्या साली इन्फ्लुएंझानं हिंदुस्थानात कोटीच्या वर माणसं नेली, आणि मध्य प्रांताला तर फार झोडपलं. पुस्तकात हे वाचलेलं होतं. पण त्या पानावर एकाच हातानं, एकाच दौतीतून उतरलेला तो दोन अक्षरांचा शब्द खाली खाली येत होता, आणि त्यातल्या एका तापाशी माझं रक्ताचं नातं होतं. मोडी वाचणारे गृहस्थ हळूच म्हणाले, ''म्हणजे तुमच्या पणजीचा मग पाट लागला असेल. लेकरासकट आली असेल आर्वीला.''

आता काय करायचं? प्रश्न साधा वाटतो, पण करून बघा. आपली एक चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या आहे. तिच्या आयुष्यातलं निम्मं तेज त्या फोटोतून आलेलं आहे. तिला जाऊन सांगायचं का, की बाई, तो दिवाण नव्हता, हमाल होता, आणि तुझा सख्खा आजाही नव्हता? खरं बोलावं, हे आपण पाटीवर गिरवलेलं असतं. पण कोणाचं खरं कोणी बोलावं, हे काही मास्तरांनी गिरवून घेतलं नाही. आजोबा आयुष्यभर गप्प राहिले. ती गोष्ट त्यांची होती. मी चाळीस रुपयांची नक्कल काढली म्हणून ती माझी झाली का? मेलेल्या माणसाची पत्रं वाचू नयेत, एवढं आपण मानतो. मग त्यांनी मारलेली रेघ खरवडून काढावी का?

म्हटलं, राहू द्यावं, गप्प बसावं. तर दुसरीच पंचाईत. सर्वपित्रीला आमच्याकडे पान वाढतात ते बाप, आजा, पणजा यांच्या नावानं. गेली साठेक वर्षं वडे, खीर आणि कढी फेटेवाल्यांना जात होती, आणि तो तापानं गेलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा शंभर वर्षं उपाशी. त्याच्या नावाचं कोणी पाणीसुद्धा सोडलेलं नाही. मी गप्प बसलो तर तो पुन्हा एकदा मरणार, आणि या खेपेला तापाचं निमित्तही नाही. फेटेवाल्यांचं पान काढून त्याला द्यावं, तर ज्यानं पोसलं त्याला उठवायचं? कावळा दोघांकडेही तितक्याच आनंदानं येईल, पण कावळ्याच्या मताला अशा बाबतीत किती किंमत द्यायची?

त्या दिवसांत संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की मनात तेलंगराव यायचे. आमच्या गावाचं जुनं नाव आर्वी तेलंगराव. गाव त्यांनी वसवलं अशी समजूत आहे. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येसुद्धा लिहून ठेवलं आहे, की हिंदू म्हणतात ते ब्राह्मण होते आणि मुसलमान म्हणतात ते मुसलमान होते, आणि त्यांच्या समाधीला दोघंही भजतात. अख्ख्या गावाच्या मूळपुरुषाचा दाखला लागत नाही. कोणी कोतवाल बुक बघायला गेलं नाही हे गावाचं नशीब. गेलं असतं तर एका बाजूच्या लोकांनी नारळ आणणं बंद केलं असतं. हा विचार मला पटायचा, पण घरी येऊन दारातून आत शिरलो की डोक्यावर तो फोटो असायचाच.

शेवटी मला भलतीकडूनच एक कागद मिळाला. नाशिकला माझा मावसभाऊ असतो. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की ते पिढ्या काढून देतात. त्यानं आमचं पान मोबाइलवर फोटो काढून पाठवलं. 1952 साल. आजोबांचं अक्षर मी ओळखलं. त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं, मग ''वडील'' म्हणून फेटेवाल्या पणजोबांचं नाव, खाली मुलांची नावं, ''मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो'' आणि सही. कोतवालाच्या वहीत कोतवालानं सांगितलेला बाप होता. शाळेच्या वहीत मास्तरानं खोडलेला बाप होता. इथं अडतीस वर्षांच्या माणसानं, कोणी काही विचारत नसताना, गंगेच्या काठी आईच्या अस्थी बाजूला ठेवून, आपल्या हातानं लिहिलेला बाप होता.

पडताळणीसाठी वंशावळीचं शपथपत्र करायचं होतं. त्यात रक्तनातं लिहावं लागतं. मी वंशावळ आजोबांपासून सुरू केली. त्यांच्या डोक्यावर कागद कोरा सोडला. पुरावा तेवढ्यानं पुरत होता, खोटं काही नव्हतं, आणि तरी सही करताना मला ती कात्री आठवली. चौकटीत मावेल तेवढं ठेवायचं आणि उरलेलं कापायचं, हे मीही बिनबोभाट केलं होतं.

आत्यासमोर मात्र ते जमलं नाही. ती दिवाणावर बसून हरभरा सोलत होती.

''काऊन रे, आठ दिवसांपासून तोंड पाडून कायले फिरून राह्यला? कागद नाही भेटले का?''

''भेटले. जास्तच भेटले.''

''मंग सांग ना.''

मी सांगितलं. हमालीपासून तापापर्यंत. तिचे हात सोलतच राहिले.

''मले मालूम हाये,'' ती म्हणाली. ''बाबानं सांगतलं होतं मले, माह्या लग्नाच्या आधी. शाळेत घालाले माय घेऊन गेली तं मास्तरनं पहिल्या बापाचं नाव लिवलं. दुसऱ्या दिवशी हा बुढा धक्क्यावरून उठून तसाच शाळेत गेला, बाबाले खांद्यावर घेऊन. मास्तरले म्हने, माहं नाव लिवा. मास्तर म्हने, असं लिवता येत नाही. तं म्हने, मी इथंच बसतो.''

''मग दिवाण कुठून आला?''

''थे तुह्या काकायनं आनला. सोयरिकी जुळाले पाह्यजेत ना!''

मी हसलो. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं मलाच विचारलं, ''एवढे कागद पाह्यले तू. तिचं नाव कोठी भेटलं का?''

''कोणाचं?''

''बुढीचं. बाबाच्या मायचं.''

मी तिन्ही नकला पुन्हा उलटल्या. कोतवाल बुकात बाप होता. रजिस्टरात दोन बाप होते. नाशिकच्या वहीत मातोश्री होत्या, पण नुसत्या मातोश्री. मी आठ दिवस ज्या दोन पुरुषांच्या मध्ये अडकून पडलो होतो, त्यांच्यातलं खरं कोण यावर वाद होऊ शकत होता. जिच्याबद्दल वादच नव्हता, तिचं नाव कुठंच नव्हतं. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात आईचं नाव घालायचा सरकारचा नियम झाला आहे. पणजीला शंभर-सव्वाशे वर्षं उशीर झाला.

''तुला नाही का ठाऊक?'' मी विचारलं. ''तू अकरा वर्षांची होतीस ती गेली तेव्हा.''

''आम्ही बुढीमाय म्हनत होतो. बाकीचे तळेगाववाली म्हनत.'' ती थांबली. हरभऱ्याचा घाटा तसाच बोटांत. ''नाव कोनी घेतच नव्हतं. मीही कधी इचारलं नाही.''

चौकट अजून टेबलावर उघडीच होती. मी फोटो तिच्या हातात दिला, काठावरची चार बोटं दाखवली. तिनं चष्मा वर केला, फोटो अगदी डोळ्यांजवळ नेला, बोटांवरून आपला अंगठा फिरवला.

''हेच हात,'' ती म्हणाली. ''करंगळी वाकडी होती तिची. हे पाय ना.''

करंगळी खरंच वाकडी होती. मी नकळत माझ्या हाताकडे बघितलं. सरळ निघाली. पुतण्याची मुलगी मोबाइल बाजूला ठेवून आली, तिनंही हात पुढं केला, आणि तिची वाकडी होती. त्यावर घरात बराच गलका झाला.

नवी चौकट आणली. जरा रुंद आहे, बोटं सगळी दिसतात. खिळ्यावर चढवताना मी स्टुलावर उभा होतो, आणि आत्या खालून फोटो सरळ बसला का ते बघत होती. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. मग ती फोटो सोडून माझ्याकडेच बघत राहिली.

''काय झालं?''

''काही नाही,'' ती म्हणाली. ''पन नाक मात्र तू त्याचंच घेतलं, बापा.''