रंजनाला जामीन कशाला?

सुट्टीत काय वाचलं असं कुणी विचारलं, की सुहास शिरवळकरांचं नाव लोक जरा खालच्या आवाजात घेतात आणि लगेच पुस्ती जोडतात, "बरं असतं डोक्याला. निदान मोबाइलपासून तरी सुटका."

ही पुस्ती मला खटकते. तिच्यामुळे रहस्यकथेचं औषध होतं. डोळ्यांना आराम मिळतो, झोप सुधारते, लक्ष एका जागी राहतं. म्हणजे पुस्तक वाया गेलं नाही! मजा आली, एवढं कारण पुरत नाही. मजेला कुणीतरी जामीन राहावं लागतं. पूर्वी संस्कार राहायचे, हल्ली आरोग्य राहतं.

या प्रश्नावरचं मराठीतलं गाजलेलं भांडण आमच्या कोल्हापूरचंही आहे. ना. सी. फडके इथल्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. कादंबरी वाचकाला कशी गुंतवते, याचं तंत्र त्यांनी 1931 च्या 'प्रतिभासाधन'मध्ये मांडलं आणि स्वतः सत्तरच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. 1938 साली वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरात राहायला आले. म्हणजे 'कलेसाठी कला' म्हणणारे आणि 'जीवनासाठी कला' म्हणणारे, दोघंही काही वर्षं एकाच गावात होते. 1940 च्या रत्नागिरी संमेलनाचे अध्यक्ष फडके, तर पुढच्याच वर्षी सोलापूरला खांडेकर. गंमत अशी, की तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक रंजनाची बाजू लढवत होता आणि सिनेमाच्या कथा लिहिणारा माणूस जीवनाची.

जामिनाच्या मुद्द्यावर मी फडक्यांच्या बाजूचा. पण त्यांची कादंबरी आज हातात घेतली, की खांडेकरांची शंका डोकावतेच. ही माणसं इतकी निवांत प्रेम करतात, तर यांच्या घरचा चहा कोण करतं? पळून जायला हरकत नाही. आपण कुठे पळतो आणि तिथे कुणाला जागाच ठेवलेली नाही, हे मात्र दिसलेलं बरं.

खरी अडचण पुढे आहे. मजेला कारण लागत नसेल, तर रील्सनी काय घोडं मारलंय? तीही मजाच. माझं पोट स्क्रीनवर चालतं, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. आमच्या धंद्यात माणूस ॲपवर किती वेळ थांबला हे मोजतात. बोट वर सरकवलं की पुढचं आपोआप येतं, तळ कधी लागतच नाही, ही रचना विचार करून केलेली असते. 'आता बास' असं वापरणाऱ्याला वाटेल अशी जागा राहिली, तर ती दुरुस्त करायची त्रुटी समजतात.

यावर कुणी म्हणेल, बाबूराव अर्नाळकर वेगळं काय करत होते? हजाराच्या वर रहस्यकथा. झुंजार झाला की काळापहाड, काळापहाड झाला की पुन्हा झुंजार. वाचक परत यावा हे त्यांनाही हवंच होतं, आणि या पुस्तकांना व्यसन म्हणणारेही होते. आक्षेप रास्त आहे. तरी फरक उरतो, आणि तो मला नैतिक फरक वाटतो. रहस्यकथा सुरुवातीलाच एक वचन देते: खून कुणी केला ते शेवटी सांगेन. ते पाळलं नाही, तर वाचक त्या लेखकाचं पुढचं पुस्तक उचलणार नाही. त्याला परत आणायचं तर आधी तृप्त करून घरी पाठवावं लागतं. फीड कसलंच वचन देत नाही, त्यामुळे ते मोडल्याचा आळ तिच्यावर येत नाही. थोडी भूक शिल्लक ठेवली की तिचं काम जास्त चांगलं चालतं. साध्या, अगदी ठोकळेबाज कादंबरीतही वाचकाशी केलेला हा सौदा सरळ असतो. भाषा सपक असेल, योगायोग अशक्य असतील. हिशेब मात्र चुकता होतो.

मे महिन्यात इकडे दुपारी वळवाचे ढग दाटले, की वीज जाते आणि तिच्यामागे वायफाय. अशा वेळी वाचलेली शिरवळकरांची पुस्तकं मला कथानकासकट आठवतात. त्याच आठवड्यात फोनवर पाहिलेलं काहीही आठवत नाही. पण हाही पुन्हा जामीनच झाला. आठवलं म्हणून चांगलं, असं कशाला म्हणायचं? विसरलो असतो तरी त्या दुपारी छान गेल्या होत्या.

कारण मागण्याचा जाच कुणाला जास्त होतो, तेही बघायला हवं. माझी आजी दुपारी जेवणं आटोपली की वाचनालयातून आणलेली कादंबरी घेऊन माजघरात बसायची. पोथी असती तर कुणी बोललं नसतं. पोथीला पुण्य जामीन होतं. कादंबरी म्हणजे रिकामपणाची लक्षणं, असं तिच्या सासूचं मत. पुरुषांनी दुपारी तीन तास पत्ते कुटले तर त्याला विश्रांती म्हणत. आजीने या मतावर कधी वाद घातला नाही आणि वाचनही सोडलं नाही. चार वाजले की पानात खूण ठेवून उठायची, चहाचं आधण ठेवायची. पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशी बदलून आणायची. त्यात काय होतं असं विचारलं, तर म्हणायची, "काही नाही रे. चांगली होती."